प्रादेशिक असमतोलाचा प्रश्न आणि कष्टकरी वर्ग

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



८ मे २०२० रोजी पहाटे मराठवाड्यात करमाडजवळ लोहमार्गावर झोपी गेलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. टाळेबंदीमुळे कारखाना बंद पडला होता, मजुरी थांबली होती आणि भुसावळहून सुटणारी गाडी मिळेल या आशेने ही माणसे जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघाली होती. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांची छायाचित्रे देशभर छापून आली. हळहळ व्यक्त झाली, मदतीच्या रकमा जाहीर झाल्या आणि थोड्याच दिवसांत हा विषय मागे पडला.

या घटनेतील एका गोष्टीची चर्चा मात्र फारशी झाली नाही. हे मजूर जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात कामाला होते आणि त्यांची गावे होती मध्य प्रदेशातील शहडोल व उमरिया या जिल्ह्यांत. हे दोन्ही जिल्हे कोळशाच्या खाणींचे. उलट जालन्यात कोळसा नाही, लोहखनिज नाही. भंगार वितळवून सळ्या काढणाऱ्या कारखान्यांचे ते गाव. शिवाय जालना ज्या मराठवाड्यात आहे, तो मराठवाडाही मागास म्हणूनच गणला जातो. ज्यांच्या पायाखाली कोळसा आहे त्यांनी पोटासाठी शेकडो मैल दूरच्या, स्वतःच दुष्काळी असलेल्या मुलखात पोलाद ओतण्यास का जावे? आजच्या व्याख्यानाचा विषय या एका प्रश्नात सामावलेला आहे.

दारिद्र्य निसर्गाने दिलेले नाही

एखादा प्रदेश मागास का, असे विचारले की बहुधा तीन उत्तरे ऐकू येतात. तेथील जमीन निकस आहे, तेथील लोक आळशी आहेत, किंवा तेथील पुढारी नालायक आहेत. पहिले उत्तर भूगोलाचे, दुसरे पूर्वग्रहाचे आणि तिसरे निवडणुकीच्या सभेतले. पैकी एकही पुराव्यावर टिकत नाही.

झारखंडचे उदाहरण घ्यावे. कोळसा, लोहखनिज, तांबे, अभ्रक, युरेनियम असे सर्व काही या भूमीत आहे. देशातील पहिला मोठा पोलाद कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला आणि तेथे १९१२ मध्ये पोलाद तयार होऊ लागले. धनबादचा कोळसा गेल्या शतकभर देशाच्या भट्ट्या पेटवीत आला. पुढे बोकारोचा प्रचंड सरकारी कारखानाही याच प्रदेशात झाला. असे असताना नीति आयोगाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्याच्या आकडेवारीनुसार २०१९-२१ मध्ये झारखंडातील २८.८१ टक्के लोक दरिद्री होते. याहून अधिक प्रमाण फक्त बिहारचे, ३३.७६ टक्के. देशाचे प्रमाण १४.९६ टक्के होते, आणि ज्या केरळात कोळसाही नाही आणि लोखंडही नाही तेथे ते अवघे ०.५५ टक्का होते. संपत्ती कोठे आहे यापेक्षा ती कोणाच्या हाती आहे आणि कोठे जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

वसाहतीच्या काळात पडलेला साचा

या असमतोलाचा पाया इंग्रजी अमलात घातला गेला. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे आणि १८५४ मध्ये हावडा ते हुगळी अशी आगगाडी धावू लागली. पुढे हे जाळे देशभर पसरले, परंतु त्याचे सर्व धागे मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा बंदरांकडे ओढलेले होते. वऱ्हाडचा कापूस मुंबईस आणि तेथून लँकेशायरला जावा, आणि परतीच्या वाटेने विलायती कापड खेड्यापर्यंत पोहोचावे, या हेतूने मार्ग आखले गेले. रेल्वेच्या मालवाहतुकीचे दरही असे होते, की बंदराकडे जाणाऱ्या व बंदराकडून येणाऱ्या मालास सवलत मिळे, आणि देशातल्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मालास जादा भाडे पडे. बंदरे वाढली, अंतर्भाग त्यांचा पुरवठादार होऊन राहिला.

दुसरा पाया जमीनधाऱ्याचा. १७९३ च्या कायमधारा पद्धतीने बंगाल, बिहार आणि ओरिसाच्या मोठ्या भागात जमीनदारांचा वर्ग निर्माण केला. सरकारला द्यावयाचा सारा कायमचा ठरला, कुळाकडून वसूल करावयाच्या खंडाला मात्र मर्यादा उरली नाही. जमीनदार आणि कसणारा यांच्यामध्ये मध्यस्थांची उतरंड लागली. कसणाऱ्याकडे गुंतवणुकीस पैसा नाही आणि जमीनदाराला तिची गरज नाही, अशी ही रचना होती. मुंबई व मद्रास इलाख्यांतील रयतवारीतही सावकाराने शेतकऱ्यास नाडले, हे खरे. तथापि पूर्व भारतातील शेती ज्या खोल गाळात रुतली त्याचे मूळ या जमीनदारीत आहे.

या लुटीचा हिशेब मांडणाऱ्यांत दादाभाई नौरोजी यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्याच मार्गाने आजच्या झारखंडातील देवघरचे सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगालीत लिहिला. मराठी घराण्यातील या लेखकाच्या ग्रंथावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. देशाची संपत्ती देशाबाहेर कशी वाहून जाते हे त्यांनी दाखविले होते. ज्या भूमीत हा माणूस वाढला, तिची संपत्ती स्वातंत्र्यानंतरही वाहतच राहिली. फरक इतकाच, की आता ती देशाबाहेर जाण्याऐवजी देशातल्याच दुसऱ्या भागांकडे वळली.

नियोजनाचे युग: कमाई आणि चूक

स्वातंत्र्योत्तर नियोजनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५६ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावात प्रादेशिक तफावत क्रमाक्रमाने कमी करण्याचे उद्दिष्ट स्पष्टपणे नोंदविले होते. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत समतोल प्रादेशिक विकासाला स्वतंत्र प्रकरण होते. दुसऱ्या योजनेत भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर येथे सरकारी पोलाद कारखाने उभे राहिले. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. खाजगी भांडवल ज्या रानात पाऊल टाकण्यास तयार नव्हते तेथे सार्वजनिक क्षेत्र गेले, ही गोष्ट लहान नाही.

परंतु ज्या हाताने हे दिले, त्याच राज्यसंस्थेने दुसऱ्या हाताने ते काढून घेतले. १९५० च्या दशकात केंद्र सरकारने पोलाद आणि सिमेंट यांच्या वाहतूकखर्चाच्या समानीकरणाचे धोरण लागू केले. त्याचा अर्थ असा, की कारखान्यापासून अंतर कितीही असो, देशातील कोणत्याही रेल्वेस्थानकावर पोलाद एकाच भावाने मिळावे. लांबच्या वाहतुकीचा खर्च सर्व ग्राहकांवर सरासरीने वाटला जाई. म्हणजे भट्टीच्या शेजारी राहणारा ग्राहक दूरच्या ग्राहकाचे भाडे भरीत असे. वरवर पाहता हे धोरण न्याय्य भासते: खनिज राष्ट्राचे, मग त्याचा लाभही सर्व राष्ट्रास का मिळू नये?

व्यवहारात झाले ते असे. यंत्रे, नट-बोल्ट, सायकली, पंप, मोटारींचे सुटे भाग असे सामान बनविणारा कारखानदार पोलादाजवळ जातो तो भाडे वाचावे म्हणून. ते कारण कायद्याने नाहीसे केल्यावर त्याने मुंबई, मद्रास, दिल्ली सोडून रांचीस किंवा आसनसोलला जावे कशाला? बाजारपेठ, बंदर, बँक, वीज आणि तयार कुशल कामगार त्याच्या दाराशी होते, आणि आता पोलादही त्याच भावाने येऊ लागले. हावड्याची जुनी अभियांत्रिकी कारखानदारी खचू लागली. भिलाई-राउरकेला ही आपल्या परिसरापासून तुटलेली बेटे होऊन राहिली. त्यातही मेख अशी, की समानीकरण फक्त पूर्वेकडच्या मालाला होते. विदर्भ-गुजरातच्या कापसाला ते नव्हते. बंगाल-बिहारातील गिरणीला कापूस हवा असेल तर पूर्ण भाडे मोजावे लागे. खनिजावरील स्वामित्वधनही दीर्घकाळ टनामागे ठरावीक रुपये असेच होते. बाजारभाव कितीही चढला तरी खनिज पुरविणाऱ्या राज्याच्या हाती त्याचा वाटा येत नसे.

१९९० च्या दशकाच्या आरंभी हे धोरण मागे घेण्यात आले. तोवर चार दशके लोटली होती. एकदा रुजलेली कारखानदारी भाडे बदलले म्हणून उठून दुसरीकडे जात नाही. जेथे कारखाने असतात तेथे कारागीर जमतात, कारागीर असतात तेथे नवे कारखाने येतात, आणि वंचित प्रदेशातून तरुण माणसे व ठेवी दोन्ही तिकडे खेचली जातात. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्येच हे चक्र वर्णिले होते. भांडवल स्वस्त मजुरीच्या शोधात आपोआप गरीब भागाकडे वळेल आणि काळाच्या ओघात सगळे सारखे होईल, या पुस्तकी आश्वासनाला भारताचा अनुभव पुष्टी देत नाही. भांडवल फिरकले नाही. स्वस्त मजूरच भांडवलाच्या दाराशी चालत गेला.

अनुदाने आणि ठेवी

मागास भागांत उद्योग न्यावेत म्हणून १९७० च्या दशकात सवलतींचा मार्ग अवलंबिण्यात आला: भांडवली अनुदान, स्वस्त कर्ज, करमाफी. १९७८ मध्ये नेमलेल्या शिवरामन समितीने या सवलतींचा हिशेब तपासला. लाभाचा मोठा वाटा थोड्याच जिल्ह्यांनी, आणि तेही प्रगत औद्योगिक केंद्रांच्या आसपासच्या जिल्ह्यांनी उचललेला दिसला. कारखानदार कागदोपत्री मागास जिल्ह्यात गेला, पण मोठ्या शहरापासून मोटारीच्या टप्प्यातच थांबला.

बँकांची गोष्ट थोडी निराळी आहे. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि खेडोपाडी शाखा उघडल्या. सावकाराची पकड काही अंशी सैल झाली. परंतु शाखा पोहोचली म्हणजे कर्ज पोहोचले असे नव्हे. बिहारात जमा होणाऱ्या ठेवींच्या मानाने तेथे दिल्या जाणाऱ्या कर्जाचे प्रमाण वर्षानुवर्षे देशातील नीचांकी प्रमाणांत मोडत आले आहे, तर तामिळनाडू व तेलंगण येथे ठेवींहून अधिक कर्जे वाटली जातात. बिहारी मजूर सुरत-लुधियान्याहून घरी पैसे पाठवितो, घरची माणसे ते बँकेत ठेवतात, आणि ती बँक त्या पैशाचा मोठा भाग पुन्हा प्रगत प्रदेशाच्या उद्योगाला पुरविते. अशा रीतीने श्रमापाठोपाठ श्रमाची बचतही स्थलांतर करते.

१९९१ नंतरचे चित्र

१९९१ नंतर उद्योग कोठे काढावा यावरील परवान्याचे बंधन बहुतांशी गेले आणि राज्याराज्यांत भांडवलाला बोलावण्याची चढाओढ लागली. तिचे परिणाम पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एकत्र पाहावयास मिळतात. देशाचे सरासरी दरडोई उत्पन्न १०० मानले, तर पश्चिम बंगालचे उत्पन्न १९६०-६१ मध्ये १२७.५ होते, २०२३-२४ मध्ये ते ८३.७ वर आले. राष्ट्रीय उत्पन्नातील त्या राज्याचा वाटा १०.५ टक्क्यांवरून ५.६ टक्क्यांवर घसरला. बिहारचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या सुमारे एक तृतीयांश एवढेच आहे. याउलट दक्षिणेकडील पाच राज्ये मिळून राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे ३० टक्के भाग निर्माण करतात.

बंगालच्या घसरणीकडे डोळेझाक करून चालणार नाही. ती फाळणीने तागाचा मळा आणि तागाची गिरणी यांची ताटातूट केली तेव्हापासून सुरू होते, समानीकरणाने ती वेगावते, परंतु डाव्या आघाडीच्या १९७७ ते २०११ या राजवटीतही ती थांबलेली नाही. १९७८ मध्ये सुरू झालेल्या बर्गा मोहिमेने लक्षावधी बटाईदारांची नोंद करून त्यांना कसण्याचा हक्क दिला आणि १९८० च्या दशकात शेतीचे उत्पादन वाढले. मात्र जमीनसुधारणेतून जो पाया तयार झाला त्यावर उद्योगाची इमारत उभी राहिली नाही. पोलाद, बँक, रेल्वे आणि परवाना ज्यांच्या हाती नाहीत अशा राज्य सरकारच्या मर्यादा येथे दिसतात. तरीही मर्यादांचे कारण पुढे करून स्वतःच्या चुकांचा हिशेब टाळणे हे मार्क्सवादी परंपरेस शोभणारे नव्हे.

केरळने काय केले, काय राहून गेले

तफावत भरून काढण्याचा जो दुसरा मार्ग देशात दिसला तो केरळचा. १९७० आणि १९८० च्या दशकांत केरळचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी होते. तरीही साक्षरता, आयुर्मान आणि बालकांचे आरोग्य यांत तो प्रदेश पुढे होता. नारायण गुरू, अय्यंकाली यांच्या चळवळींनी जातीची भिंत खिळखिळी केली होती. १९५७ च्या मंत्रिमंडळाने सत्तेवर येताच कुळांची हकालपट्टी वटहुकुमाने रोखली. ते मंत्रिमंडळ १९५९ मध्ये बडतर्फ झाले, पण लढा थांबला नाही. १ जानेवारी १९७० पासून सुधारित जमीन कायदा अमलात आला आणि कूळपद्धतीच संपुष्टात आली. शाळा आणि दवाखाना चालण्याच्या अंतरावर असावा, ही तेथे मतदाराची साधी अपेक्षा बनली.

यालाही दुसरी बाजू आहे. शिकलेल्या मुलांना काम देणारी कारखानदारी राज्यात उभी राहिली नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि केरळचा तरुण आखातात गेला. त्याने धाडलेल्या पैशावर घरे बांधली गेली, बाजार वाढला आणि पुढे दरडोई उत्पन्नाने देशाची सरासरी ओलांडली. म्हणजे केरळलाही आपली माणसे बाहेर पाठवावी लागली. भेद हा, की शाळा शिकून, संघटनेचा अनुभव घेऊन गेलेला माणूस आणि मुकादमाकडून उचल घेऊन, जमिनीविना निघालेला माणूस यांना परमुलखात एकच भाव मिळत नाही.

मजुरीचे आकडे हेच सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या माहितीनुसार २०२१-२२ मध्ये ग्रामीण भागातील शेतमजुराची सरासरी दैनिक मजुरी केरळात सुमारे ७२७ रुपये, मध्य प्रदेशात सुमारे २१८ रुपये आणि गुजरातेत सुमारे २२० रुपये होती. गुजरातचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर, तर मध्य प्रदेशचे खाली. दोन्हीकडच्या शेतमजुराच्या हातात मात्र जवळजवळ सारखाच पैसा पडतो. राज्य श्रीमंत झाले म्हणून राबणारा आपोआप वर येतो, या समजुतीला याहून चोख उत्तर कोणते असू शकेल?

सरासरीचा पडदा

म्हणूनच राज्यांची सरासरी जवळ येते किंवा दुरावते एवढे मोजून भागत नाही. ओरिसाचे उदाहरण बोलके आहे. त्याचे दरडोई उत्पन्न १९९०-९१ मध्ये देशाच्या सरासरीच्या ५५.८ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ८८.५ टक्क्यांवर आले. आकड्यांच्या भाषेत ही तफावत निम्म्याहून अधिक भरून निघाली. त्यात खाणी, पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचा मोठा भाग आहे. पण त्याच राज्याच्या गंजाम जिल्ह्यातून सुरतेच्या यंत्रमागांवर जाणारी माणसे आजही जातात, आणि बलांगीर-नुआपाड्याची कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. खनिज बाहेर गेले, उत्पन्नाचा आकडा फुगला, माणूस होता तेथेच राहिला किंवा घर सोडून गेला.

महाराष्ट्राची कथा याच जातीची आहे. दरडोई उत्पन्नात देशाच्या सरासरीच्या दीडपट असलेल्या या राज्यात विदर्भ व मराठवाड्याचे प्रश्न राज्याच्या जन्माआधीपासूनचे आहेत. १९५३ च्या नागपूर कराराने न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले आणि घटनेच्या ३७१ (२) कलमात स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याच्या सरासरीपासून प्रत्येक जिल्हा किती मागे आहे याचे मोजमाप केले. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतील एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के होता.

यातला शेवटचा आकडा सभांतून फारसा सांगितला जात नाही. ज्या भागाला इतर भाग ‘लुटारू’ म्हणत होते, त्याच भागात कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राचे अवर्षणग्रस्त तालुके होते, आणि अनुशेषाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग तेथला होता. साखर कारखान्याच्या अध्यक्षाचा प्रदेश आणि ऊसतोड मजुराचा प्रदेश नकाशावर एकच असला तरी जीवनात एक नाही. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. अनुशेष मोजणे झाले, पण ज्यांच्या नावाने तो मोजला गेला त्यांच्या संघटित दबावाविना तो भरून निघाला नाही.

निधीवाटपाचा वाद

आता प्रश्न उरतो तो केंद्राच्या निधीचा, आणि येथेच आज सर्वांत धोकादायक फूट पाडली जात आहे. १९६९ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र स्वीकारले गेले. राज्यांना योजनेसाठी मिळणाऱ्या मदतीत लोकसंख्येस ६० टक्के, आणि दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू सिंचन-वीज प्रकल्प व राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के असे भारांक त्यात होते. सूत्र परिपूर्ण नव्हते. गरिबीला दिलेला भारांक तोकडा होता आणि पुढे तो वाढवावा लागला. परंतु दिल्लीची मर्जी जाऊन नियम आला, हे त्याचे महत्त्व. १ जानेवारी २०१५ पासून नियोजन आयोगाच्या जागी नीति आयोग आला, आणि त्याच्या हाती राज्यांना वाटण्यासाठी निधीच नाही. केंद्रपुरस्कृत योजनांत बहुतेक राज्यांनी ४० टक्के वाटा घालावयाचा असतो. ज्या राज्याची तिजोरी रिकामी, त्याला हा वाटा उभा करणेच सर्वांत जड जाते.

दुसरीकडे, २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्याच्या करांतील कर्नाटकचा हिस्सा ४.७१३ वरून ३.६४७ टक्क्यांवर आणि केरळचा २.५ वरून १.९२५ टक्क्यांवर आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये या दोन्ही राज्यांच्या सरकारांनी दिल्लीत जंतरमंतरवर निदर्शने केली. शाळा-दवाखान्यांवर खर्च करून ज्यांनी लोकसंख्यावाढ आटोक्यात आणली त्यांनाच शिक्षा का, हा त्यांचा सवाल योग्य आहे. बिहारच्या मुलालाही केरळच्या मुलासारखी शाळा मिळावी, हा बिहारचा दावाही तितकाच योग्य आहे. दोन योग्य दावे एकमेकांवर आदळतात, कारण वाटणीची भाकरीच लहान केली गेली आहे. उपकर आणि अधिभार यांतून येणारा पैसा केंद्राला राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही. एकूण करउत्पन्नात त्यांचे प्रमाण २०११-१२ मध्ये एक दशांशाच्या आसपास होते. २०२०-२१ पर्यंत ते सुमारे एक पंचमांशावर गेले. दक्षिण उत्तरेकडे बोट दाखविते, उत्तर दक्षिणेकडे, आणि वाटणीत न आलेल्या पैशाची चर्चा बाजूला पडते.

या भांडणाचे गल्लीतले रूप म्हणजे ‘परप्रांतीय’ हा शब्द. १९६० च्या दशकात मुंबईत तो दाक्षिणात्य कारकुनावर फेकला गेला, २००८ मध्ये उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यावर. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला या शब्दाची धार निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. दोन कामगार एकमेकांच्या उरावर बसले म्हणजे मजुरी ठरविण्याचा अधिकार मालकाकडेच राहतो.

मागण्या कोणत्या

वरील विवेचनातून काही मागण्या सरळ निघतात. उपकर व अधिभारांचे उत्पन्न वाटणीयोग्य करांत यावे, म्हणजे प्रगत राज्याचे न ओरबाडता मागास राज्याला अधिक देता येईल. खनिज असलेल्या जमिनीवर कर बसविण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२४ रोजी मान्य केला आहे. त्यातून येणारा पैसा खाणीच्या परिसरातील गावांच्या शाळा, पाणी व आरोग्य यांवर खर्च होतो की नाही, हे ग्रामसभांनी तपासावे. बँकांनी मागास जिल्ह्यांतील ठेवींचा ठरावीक भाग त्याच जिल्ह्यांत कर्जरूपाने देणे बंधनकारक व्हावे. बिहारात २००६ मध्ये नेमलेल्या बंदोपाध्याय आयोगाने बटाईदारांच्या हक्कांविषयी केलेल्या शिफारशी धूळ खात पडल्या आहेत; त्या अमलात आल्यावाचून त्या राज्याची शेती सावरणार नाही. आणि ओरिसातील दादन मजुरांच्या प्रश्नातून जन्मास आलेल्या १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने जी नोंदणी व जबाबदारी मालक-मुकादमावर टाकली होती, तिची अंमलबजावणी कधीच नीट झाली नाही. नवे कायदे कोणतेही असोत, ही नोंदणी प्रत्यक्षात करून घेणे हे कामगार संघटनांचे काम आहे.

यांपैकी शेवटचे काम कोणत्याही सरकारची वाट न पाहता सुरू होऊ शकते. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारणा झाली तेव्हा टाळेबंदीत मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांची माहिती उपलब्ध नसल्याचे सरकारने सांगितले. ज्यांची नोंद नाही त्यांचा हिशेबही नाही. जालना असो, सुरत असो की भिवंडी, परमुलखातून आलेला कामगार युनियनच्या वहीत आला पाहिजे. त्याच्या भाषेत पत्रक निघाले पाहिजे, आणि त्याच्या मजुरीचा प्रश्न स्थानिक कामगाराच्या मागणीपत्रकात त्याच ओळीत लिहिला गेला पाहिजे.

प्रादेशिक विषमता मिटली की नाही हे ओळखण्याची कसोटी अखेर साधी आहे. राज्याचे उत्पन्न सरासरीच्या किती टक्क्यांवर आले, हा आकडा उपयोगाचा आहे; पण शहडोल-उमरियाच्या तरुणाला गावातच पोटापुरते काम मिळते काय, आणि स्वखुशीने बाहेर पडला तर तेथे हक्काची मजुरी आणि संकटकाळी घरी परतण्यासाठी गाडी मिळते काय, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येईपर्यंत हा प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही. करमाडच्या रुळांवर मरण पावलेल्या १६ जणांना यांपैकी काहीच मिळाले नव्हते. त्यांच्या मागून आजही जी माणसे त्याच वाटेने येत आहेत, त्यांच्यापर्यंत संघटना पोहोचविणे हे या अभ्यासवर्गातून उठून करावयाचे काम आहे.